सांगली-मिरजेकडच्या एका मानसोपचार क्लिनिकचा रिव्ह्यू, बायपोलर भावाची फाइल सांभाळणाऱ्या बहिणीकडून

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव इथे मिळणार नाही. "लिही, पण कोण कुठला ते कळलं नाही पाहिजे" या अटीवर दादाने होकार दिलाय आणि आमच्याकडे विश्रामबागेत शिंकलं तर मिरजेत औषध विचारतात. पण डॉक्टर शोधत होतो तेव्हा मला जे कुठेच वाचायला मिळालं नाही ते लिहायचंय, म्हणजे आत गेल्यावर नेमकं काय होतं, काय विचारतात, आणि हा डॉक्टर बरा की दुसरा बघावा हे आपल्यासारख्याने ओळखायचं कशावरून. गूगलवर बघाल तर सगळीकडे "डॉक्टर खूप प्रेमळ आहेत, वेळ देतात, फाइव्ह स्टार". अहो प्रेमळ तर साडीच्या दुकानातला सेल्समन पण असतो. एवढ्या चकरा मारून माझं मत असं झालंय की या लायनीत डॉक्टर ओळखायचा तो त्याच्या प्रश्नांवरून, आणि नुसता डॉक्टरच नाही, लॅबवाला आणि मेडिकलवाला पण.

थोडं आधीचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. बायपोलर म्हणजे मूड कधी खूप खाली, उदासीत जातो तर कधी उधळल्यासारखा खूप वर जातो, असा आजार. दादा चाळिशीतला, हार्डवेअरचं दुकान आहे, तासगावच्या बाजूला थोडी द्राक्षबाग. तर हा माणूस हळूहळू बंद पडत गेला. दुकान साडेनऊला उघडायचा ते अकरा झाले, मग बारा, मग वहिनीच जाऊन शटर उघडायला लागली. दाढी नाही, फोन नाही, कोणी अर्ध्या इंची एल्बो मागितला तर खोक्यांकडे बघत नुसता उभा, हाताखालचा पोरगा येऊन काढून द्यायचा. अण्णा म्हणाले आळस वाढलाय, मावशी म्हणाली कुणाची तरी नजर. वहिनीने दोघांचंही ऐकून घेतलं आणि त्याला एका डॉक्टरांकडे नेलं, ते पहिले डॉक्टर, दुसऱ्या गावातले. त्यांनी विचारलं झोप कशी आहे, भूक कशी आहे, टेन्शन कसलं आहे, पाच-सात मिनिटांत डिप्रेशन सांगितलं, गोळी दिली, महिन्याने या म्हणाले.

आता डिप्रेशन तर होतंच. उदासी, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, आपण निकामी आहोत असं सारखं वाटणं, हे सलग दोन आठवडे रोजच्या रोज असेल तर डॉक्टर डिप्रेशन म्हणतात आणि दादाचे तर कितीतरी महिने गेले होते. भानगड अशी आहे की साधं डिप्रेशन आणि बायपोलरमधलं डिप्रेशन समोर बसलेल्या माणसाकडे बघितलं तर डिट्टो सेम दिसतं. फरक असतो मागच्या इतिहासात आणि तो विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. आणि बायपोलर असलेल्या माणसाला मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मूड फार वर-खाली जाऊ न देणारं औषध, न देता नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर कधीकधी गाडी खालून उचलली जाते ती थेट वरच जाते.

तसंच झालं. या गोळ्यांना गुण यायला सहसा दोन-चार आठवडे लागतात, तेही हळूहळू. दादा मात्र अचानक पहाटे साडेतीनला उठून शिट्टी वाजवत पोर्च धुवायला लागला. घरात आनंदीआनंद. मग हळदीचा व्यापार करायचा म्हणून मार्केट यार्डात गोडाऊनला अॅडव्हान्स देऊन आला, मग जुन्या मित्रांना रात्री एकला फोन, दोन-तीन तास झोपून सकाळी एकदम फ्रेश, बोलणं एवढं फास्ट की मधे शब्द घालायला जागा नाही, आणि कोणी टोकलं की भयंकर चिडायचा. वहिनीचे दागिने ठेवून पैसे उचलायची वेळ आली तेव्हा तिचे दोन भाऊ आले आणि त्याला समजावून, थोडं भांडून, अॅडमिट केलं. तिथून एका ओळखीच्या नर्सने या मॅडमचं नाव सांगितलं.

तर आता मॅडमचं क्लिनिक. पहिल्या मजल्यावर आहे, खाली डोळ्यांचा दवाखाना. वर जाणारे निम्मे लोक गाडी मुद्दाम डोळ्यांच्या दवाखान्यासमोर लावतात आणि जिन्याच्या तोंडाशी जरा इकडेतिकडे बघून पटकन वर सटकतात, आम्हीही तेच करत होतो. वर गेलं की वेटिंगमध्ये जतचे, अथणीचे, कवठ्याचे लोक, निम्मं कन्नड निम्मं मराठी, जेवणाचे डबे बरोबर. मिरज पूर्वीपासूनच दवाखान्यांचं गाव, लोक लांबून येतात, त्यामुळे गर्दीचं नवल नाही.

पहिल्या वेळी मॅडमनी आधी दादाला घेतलं, मग त्यालाच विचारलं की तुमच्या मिसेसशी वेगळं बोललं तर चालेल का. तो हो म्हणाल्यावर वहिनीला आणि मला आत बोलावलं आणि पहिलाच प्रश्न काय तर, "यांचे सगळ्यात जास्त जोरातले दिवस कधी होते?" आम्ही सगळे आजाराचं सांगायच्या तयारीत, तारखा लिहून आणलेल्या, आणि ही बाई चांगल्या दिवसांचं विचारतेय. वहिनी म्हणाली तसे अधूनमधून असायचे, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एका दिवाळीत यांनी आठ-दहा दिवसांत अख्खं दुकान नव्याने लावलं, झोपतच नव्हते. मॅडम लगेच, "झोप येत नव्हती म्हणून तळमळायचे, की झोपेची गरजच वाटत नव्हती?" हा प्रश्न मी जन्मात विसरणार नाही कारण सगळं त्यात आहे. डिप्रेशनवाला रात्रभर जागून सकाळी मेल्यासारखा असतो, आणि मॅनियावाला, म्हणजे मूड वर उधळलेला माणूस, तीन तास झोपून तुम्हालाच उठवायला येतो.

मग विचारलं, घराण्यात कुणाला असं काही? आम्ही दोघी एकदम नाही म्हणालो. "कुणी घर सोडून गेलेलं, खूप उधळपट्टी केलेलं, कुणी जीव दिलेला?" तेव्हा मला धाकटे काका आठवले. आमच्या घरात काकांना कायम "फिरस्ता" म्हणायचे, मधेच गायब व्हायचे, परत यायचे, एकदा बैल विकून गावाला जेवण घातलं होतं, मग वर्षभर माडीवरून खाली आले नाहीत. लहानपणी आम्ही तो किस्सा हसून हसून सांगायचो. मॅडम हसल्या नाहीत, लिहून घेतलं. हा आजार घराण्यात चालतो म्हणे, म्हणजे प्रत्येकाला होतोच असं नाही, पण शक्यता बरीच वाढते.

मग त्यांनी एक कोरा कागद आडवा धरला, मधोमध रेघ मारली, खाली साल लिहीत गेल्या आणि वहिनीला विचारत विचारत वर-खाली डोंगर काढत गेल्या. लाइफ चार्ट म्हणतात त्याला. वरचे डोंगर बारीक बारीक होते, आठवडा, पंधरवडा. खालच्या दऱ्या मात्र लांबच्या लांब. बायपोलर म्हटलं की लोकांना नुसता तो उधळलेला माणूस आठवतो, पण बहुतेकांचा वेळ खाली उदासीतच जास्त जातो आणि पेशंट दवाखान्यात पण तेव्हाच येतात, म्हणून तर इतकी वर्षं नुसतं डिप्रेशनच समजलं जातं. मॅडमनी सांगितलं की किमान आठवडाभर मॅनिया असेल, किंवा अॅडमिट करायची वेळ आली असेल, तर टाइप वन. त्याहून सौम्य, किमान चार दिवसांची तेजी आणि सोबत मोठं डिप्रेशन असेल तर टाइप टू. दादा वन.

पुढचा प्रश्न त्यांनी दादालाच, आमच्यासमोर, सरळ विचारला. "जीव नकोसा वाटलाय का? तसं करायचं मनात आलं होतं?" वहिनीचा चेहरा पांढरा पडला. आपल्याला वाटतं असलं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात यायचा. उलट आहे, विचारल्याने तो विचार येत नाही, माणसाला बोलायला वाट मिळते. दादा हळूच म्हणाला, "उन्हाळ्यात आलं होतं." हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत, "बाग आहे म्हणालात, फवारणीची औषधं कुठे असतात?" शेडमध्ये. "कुलूप?" नाही. त्याच दिवशी वहिनीच्या भावाने शेडला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या घरी नेली, अजून तिथेच आहे. शेती असलेल्या घरातल्यांनी एवढी एक गोष्ट तरी करा, कारण तो विचार बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळात हाताशी काही नसणं यावर खूप काही अवलंबून असतं.

आता औषधं. मॅडमनी आधीची डिप्रेशनची गोळी काढली आणि दादाला लिथियम लावलं. नाव ऐकून अण्णा म्हणाले ते बॅटरीत असतं ते? हो, तेच. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने मॅनियावर पहिल्यांदा त्याचा उपयोग दाखवला, तेव्हापासूनचं औषध आहे, जुनं, स्वस्त, आणि बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका कमी करण्याच्या बाबतीत त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या औषधामागे क्वचितच असेल. पण देण्याआधी आणि देताना भरपूर विचारावं लागतं, आणि इथेच मला मॅडमची खरी किंमत कळली. लिथियम सुरू करायच्या आधी किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच, ईसीजी, सगळं करून घेतलं. मग गोळी सुरू केल्यावर आठवड्याच्या आसपास रक्तातली लेव्हल. ही लेव्हल साधारण 0.6 ते 1.0 मध्ये ठेवतात, त्याखाली उपयोग कमी आणि 1.5 च्या वर विषारी. म्हणजे जागा फार अरुंद आहे. उलट्या, जुलाब, हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं, बोलताना जीभ जड, यातलं काही दिसलं की पुढची गोळी द्यायची नाही आणि लगेच दवाखाना, हे त्यांनी वहिनीकडून पाठ म्हणून घेतलं, अक्षरशः शाळेसारखं.

लेव्हल वाढते कशाने, तर अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की. म्हणून त्यांनी विचारलं, "घरात कुणाला बीपी आहे का?" मला वाटलं परत घराण्याचंच चाललंय. तसं नव्हतं. अण्णांना बीपी आहे म्हणून वहिनी सगळ्यांचाच स्वयंपाक अळणी करत होती! लिथियम चालू असताना असं एकदम मीठ तोडून चालत नाही, आहारात मीठ आणि पाणी रोज सारखं पाहिजे. आता अण्णांचं वरण वेगळं निघतं, ते रोज कुरकुर करतात. निर्जळी उपास बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, त्यांनी लेव्हल चढते, लागलीच तर पॅरासिटामॉल. आता हार्डवेअरच्या दुकानात पोती उचलणाऱ्या माणसाची कंबर दुखणार नाही का. मेडिकलवाल्याला वहिनीने सांगून ठेवलंय, आणि तो भला माणूस आता दादा दिसला की स्वतःच विचारतो, "लिथियम चालू आहे ना अजून? मग ही नाही देत." बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे, म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी लिथियम चालू आहे हे सांगायचं.

लॅबचं पण ऐका. पहिली लॅब आम्ही लावली ती घरी येऊन रक्त नेणारी, अॅपवर डिस्काउंट वगैरे. पोरगा आला साडेदहाला, रक्त घेतलं, गेला. संध्याकाळी रिपोर्ट, लेव्हल लाल अक्षरात वर. घरात रडारड. मॅडमना फोन लावला तर त्यांनी शांतपणे विचारलं, "सकाळची गोळी घेतली होती का रक्त द्यायच्या आधी?" घेतली होती, आठला, चहाबरोबर. ही टेस्ट शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी करायची असते, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त आणि सकाळची गोळी त्यानंतर. बुकिंग घेणाऱ्याने नाही विचारलं, त्या पोरानेही नाही. परत केली तेव्हा लेव्हल मापात आली. आता आम्ही ज्या छोट्या लॅबमध्ये जातो तिथल्या ताई सुई टोचायच्या आधी विचारतात शेवटची गोळी किती वाजता, आणि वेळ फॉर्मवर लिहितात. त्यांनीच मला दाखवलं की हिरव्या बुचाच्या ज्या ट्यूब असतात त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिन घातलेलं असतं. त्यात हे रक्त घेतलं तर ट्यूबमधलंच लिथियम मोजलं जाऊन आकडा उगाच वर जायचा, म्हणून त्या या टेस्टला ती ट्यूब हातातच घेत नाहीत. टेस्ट चारशे-पाचशेच्या घरात आहे, गोळ्या तर त्याहून किरकोळ. एकदा गाडी रुळावर आली की लेव्हल तीन ते सहा महिन्यांतून एकदा, किडनी-थायरॉइड पण अधूनमधून.

साइड इफेक्ट आहेत, खोटं कशाला सांगू. हाताला बारीक कंप आहे, बिल लिहिताना अक्षर हलतं, तहान खूप लागते, रात्री दोनदा उठावं लागतं, वजन वाढलं. दादाची मोठी तक्रार वेगळीच आहे, तो म्हणतो "ती मजा गेली". हे त्याने मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी लेक्चर दिलं नाही, कुठली मजा, कुठल्या दिवसांची, असं विचारत बसल्या. आणि स्वतःच्या मनाने गोळी एकदम सोडली तर मॅनिया उसळून येण्याची भीती जास्त असते, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं.

ऑगस्टमधल्या व्हिजिटला मॅडमचा प्रश्न होता, "गणपती आले, मंडळाचं काय काय अंगावर घेतलंय?" मी तर थक्क. दादा खजिनदार, दरवर्षी दहा रात्री जागरण. झोप मोडणं हे बायपोलरमध्ये मॅनिया सुरू होण्याचं मोठं निमित्त असतं, म्हणून झोपायची-उठायची वेळ पक्की ठेवायची, सणवार असले तरी. मग तडजोड झाली, हिशेब दादाकडे पण रात्री साडेदहाला घरी. मंडळातल्या पोरांना बीपीचं कारण सांगितलंय. आणि फ्रिजवर एक कागद लावलाय, दादाच्या स्वतःच्या अक्षरातला, वर जायला लागलो तर आधी काय दिसतं: पहाटे गाडी धुणे, जुन्या वर्गमित्रांना फोन, नवीन धंद्याची आयडिया, चपला एकदम दोन जोड. यातलं काहीही दोन दिवस दिसलं की वहिनी फोन करणार आणि त्याने चिडायचं नाही, असं त्याने बरा असताना सही करून दिलंय.

आता क्लिनिकची गाऱ्हाणी, कारण ती पण भरपूर आहेत. अकराची अपॉइंटमेंट असेल तर दोनला नंबर लागतो, डबा आणाच. वेटिंगमध्ये टीव्ही, त्यावर दिवसभर न्यूज चॅनल, मोठ्या आवाजात भांडणं चाललेली, मानसोपचाराच्या दवाखान्यात! दोनदा सांगितलं, आवाज कमी होतो आणि परत वाढतो. रिसेप्शनच्या मुलाला फाइल सापडत नाही आणि तो "ते लिथियमवाले कोण?" असं अख्ख्या हॉलला विचारतो, याला मात्र मी त्याच दिवशी झापलं आणि मॅडमनाही सांगितलं, आता नंबराने बोलावतात. रविवारी फोन बंद. काउन्सेलर आठवड्यातून दोनच दिवस येतात, आणि नुसत्या गोळ्यांनी सगळं भागत नाही, वहिनीलाही कुणाशी तरी बोलायची गरज आहे, ती वेळ काही मिळत नाही.

पैशाचं म्हणाल तर फी मध्यम. पण अॅडमिट होण्याचा खर्च मोठा झाला होता आणि आमच्या विमा कंपनीने आधी सरळ नाही म्हणून कळवलं, मानसिक आजार कव्हर नाही म्हणे. 2017 चा मेंटल हेल्थकेअर अॅक्ट आहे, 2018 च्या मे महिन्यापासून लागू, त्याच्या कलम 21 मध्ये लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच मानसिक आजाराला दिला पाहिजे. ते कलम टाकून मेल केला, मग कागद मागायला लागले आणि शेवटी क्लेम निघाला. ओपीडीच्या व्हिजिटा मात्र साध्या पॉलिसीत बसत नाहीत, त्या खिशातूनच.

खासगी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार ओपीडीची चौकशी करा. आणि रविवारी मॅडमचा फोन बंद असतो तेव्हा वहिनी 14416 ला लावते, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, 2022 च्या 10 ऑक्टोबरला सुरू झाली, बंगळुरूची निमहान्स ही मानसिक आजारांची मोठी सरकारी संस्था त्यामागे आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक घेतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडतात. पेशंटच पाहिजे असं नाही, घरातलं माणूस पण बोलू शकतं. जिवाचाच प्रश्न असेल तर मात्र फोनवर थांबू नका, माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा.

मी मॅडमना साडेचार देते, क्लिनिकला तीन.

मला मेसेजमध्ये सगळ्यात जास्त विचारतात ते हे, की पेशंट यायलाच तयार नसेल तर काय. या मॅडमकडे नातेवाईक आधी एकटे जाऊ शकतात, फी तेवढीच घेतात, ऐकून घेतात, कसं बोलायचं ते सांगतात, पण माणूस बघितल्याशिवाय औषध लिहून देत नाहीत. जेवणात मिसळून द्यायची पुडी मागितली एकाने, तर त्याला सरळ परत पाठवलं. जाताना आधीची सगळी प्रिस्क्रिप्शनं, बीपी-शुगर-थायरॉइडच्या चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं, आणि घरातलं असं एक माणूस घेऊन जा ज्याला पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं आठवतं. सोमवार सोडून जा, सोमवारी अथणीकडची गाडी येते.